छोटा फ्लॅश घेण्यापूर्वी घराचे छप्पर पाहावे

माझ्या पहिल्या फ्लॅशचे हेड, म्हणजे उजेड फेकणारे वरचे डोके, हलत नव्हते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर तो बसे आणि समोर जे असेल त्यावर सरळ उजेड फेके, इतकेच त्याचे काम होते. दुकानदाराने तो 'सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो' म्हणून दिला होता आणि ते बऱ्याच अंशी खरेही होते. त्या वर्षी चतुर्थीला कुडाळजवळच्या आमच्या घरी गणपतीचे फोटो काढले, तेव्हा माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेल्या नारळांच्या, सुपारीच्या घडांच्या आणि आंब्याच्या डहाळ्यांच्या काळ्याकुट्ट सावल्या मागच्या भिंतीवर पडल्या, मूर्तीच्या सोनेरी मुकुटावर पांढरा डाग उमटला आणि आरतीला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पिठाने माखल्यासारखे दिसू लागले. चुलत काकांनी तर तेव्हाच विचारले होते, "अरे, देवाच्या डोळ्यात बत्ती मारतंस काय?"

पुढे तीन-चार फ्लॅश वापरल्यानंतर कळले की चूक स्वस्त वस्तू घेण्यात नव्हती, चुकीची स्वस्त वस्तू घेण्यात होती. उजेड किती पडतो यापेक्षा तो कशावर आपटवून आणता येतो, हे कोकणातल्या घरांत अधिक महत्त्वाचे ठरते. म्हणून फ्लॅश घेताना काय काय तपासावे याचा खाली दिलेला क्रम नेहमीच्या क्रमाहून थोडा वेगळा आहे.

आधी कॅमेऱ्याचा हॉट शू तपासा

फ्लॅश जिथे सरकवून बसवतात त्या धातूच्या खाचेला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक गोल संपर्कबिंदू असतो. शटर उघडले की या बिंदूतून संदेश जातो आणि फ्लॅश पडतो. ही पद्धत जवळजवळ सर्व कंपन्यांना समान असल्यामुळे मधला बिंदू असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर कोणताही साधा मॅन्युअल फ्लॅश चालतो. बाजूचे लहान बिंदू मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि त्यांच्यातून स्वयंचलित उजेडाची, म्हणजे टीटीएलची, बोलणी होतात. त्यामुळे कॅननसाठी केलेला टीटीएल फ्लॅश निकॉनवर बसेल, एखादे वेळी पडेलही, पण उजेडाचे माप ठरवणार नाही.

येथे एक खड्डा आहे. कॅननच्या ईओएस १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांत मधला बिंदूच ठेवलेला नाही. आधीच्या १३००डीमध्ये तो आहे. म्हणजे १५००डीवर साधा मॅन्युअल फ्लॅश बसवला तर तो दिमाखात बसेल आणि मुळीच पडणार नाही. अशा कॅमेऱ्यासाठी कॅननची डिजिटल भाषा बोलणारा फ्लॅशच घ्यावा लागतो आणि इतर कंपन्यांच्या फ्लॅशबाबत तो याच मॉडेलवर चालतो याची खात्री प्रत्यक्ष लावून करावी लागते. कॅननच्या आर५० या मिररलेस कॅमेऱ्याचीही अशीच एक अट आहे. त्याचा शू नव्या पद्धतीचा असल्यामुळे जुन्या घडणीच्या फ्लॅशसाठी एडी-ई१ हा अडॅप्टर लागतो आणि त्याचा खर्च फ्लॅशच्या किमतीत आधीच धरायला हवा. सोनीने २०१२ मध्ये शू बदलला, तेव्हा त्याआधीच्या सोनी किंवा मिनोल्टा फ्लॅशचा सौदा कोणी स्वस्तात देऊ केला तरी तो नव्या कॅमेऱ्यावर सरळ बसणार नाही.

मॉडेलच्या नावामागचे अक्षरही वाचावे. गोडॉक्सचा टीटी३५० हा छोटा फ्लॅश कॅननसाठी 'सी', निकॉनसाठी 'एन', सोनीसाठी 'एस', फुजीसाठी 'एफ' आणि ऑलिंपस-पॅनासॉनिकसाठी 'ओ' अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो. खोक्यावर फोटो एकच असतो, त्यामुळे घाईत चुकीचे अक्षर घरी येते.

मग घरातले छप्पर पाहा

फ्लॅशचा पुढचा चौकोन अगदी लहान असतो आणि लहान जागेतून येणारा उजेड कडक सावली टाकतो. तोच उजेड छताकडे किंवा भिंतीकडे फेकला, तर भिंतीचा मोठा तुकडाच दिवा होतो आणि सावल्या मऊ पडतात. यालाच बाऊन्स म्हणतात. छोटा फ्लॅश विकत घेण्याचे मुख्य कारण हेच असायला हवे, कारण सरळ उजेड टाकणारा फ्लॅश बऱ्याच कॅमेऱ्यांत आधीच असतो.

आता कोकणातली घरे पाहा. स्लॅबच्या घरात नऊ-दहा फुटांवर पांढरे छत असते, आणि फ्लॅशसाठी याहून चांगली सोय नाही. कौलारू घरात मात्र वर बघावे तर वासे, रिपा आणि धुराने काळवंडलेली कौले दिसतात. अशा छपराला उजेड मारणे म्हणजे विहिरीत तांब्या सोडून दोरी विसरण्यासारखे आहे, कारण उजेड वर जातो आणि परत येत नाही. लाकडी माळा असेल तर थोडा परत येतो, पण तो तांबूस रंग घेऊन येतो. न गिलावलेल्या जांभ्याच्या भिंतीचेही तसेच आहे. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीवरून आलेला उजेड नवरीच्या चेहऱ्यावर पडला तर ती आजारी दिसते, आणि हा दोष नंतर संगणकावर काढणे कटकटीचे असते, कारण चेहऱ्याची एकच बाजू हिरवी झालेली असते.

कौलारू घरात उपयोगी पडते ती चुना लावलेली बाजूची किंवा पाठीमागची भिंत. त्यासाठी फ्लॅशचे हेड नुसते वर उचलले जाऊन भागत नाही, ते डावीकडे, उजवीकडे आणि शक्यतो मागेही वळले पाहिजे. खरेदीत नव्वद टक्के लोक फसतात ते इथेच, असे मी अनुभवाने म्हणेन, मोजून नव्हे. निकॉनचा एसबी-३०० किंवा कॅननचा २७०ईएक्स २ हे सुबक फ्लॅश आहेत, पण त्यांचे हेड केवळ वर उचलते, बाजूला वळत नाही. कॅमेरा उभा धरला की 'वर' ही दिशा बाजूची होते आणि छत हातचे जाते. कॅननचा ईएल-१०० आणि गोडॉक्सचा टीटी३५० यांची हेडे वर आणि बाजूला दोन्हीकडे फिरतात. पैसे मर्यादित असतील तर ताकदीत तडजोड करावी, हेडच्या वळण्यात करू नये.

भिंतही कामाची नसेल तर घरात धुतलेला पांढरा पंचा असतोच. गेल्या वर्षी एका घरात बारशाचे फोटो काढताना खोली पूर्ण जांभ्याची होती. तिथल्या आजींनी पंचा दोन्ही हातांनी दारात ताणून धरला, मी कॅमेऱ्यासमोरच्या पाळण्याकडे तोंड करून फ्लॅशचे हेड मागे पंच्याकडे वळवले, आणि खिडकीतून यावा तसा उजेड बाळाच्या गालावर उतरला. आजींना आपण काय केले ते फोटो पाहूनही पटले नाही.

ताकदीचा आकडा कसा वाचावा

फ्लॅशची ताकद गाईड नंबरने सांगतात. आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) गाईड नंबर भागिले अ‍ॅपर्चर (लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र, एफ-आकड्यात) म्हणजे उजेड किती मीटरपर्यंत पुरेल ते अंतर. गाईड नंबर २० आणि अ‍ॅपर्चर एफ/४ असेल तर सरळ फ्लॅश पाच मीटर पुरतो. आयएसओ चौपट केला, म्हणजे १०० चा ४०० केला, की अंतर दुप्पट होते. कॅमेऱ्यातल्या उघडणाऱ्या फ्लॅशचा हा आकडा साधारण ७ ते १२ असतो.

जाहिरातीतला आकडा मात्र सावधपणे वाचावा. फ्लॅशच्या आतला झूम १०५ मिमीला नेला की उजेड अरुंद पट्ट्यात एकवटतो आणि आकडा फुगतो. टीटी३५० चा जाहीर ३६ हा आकडा १०५ मिमीचा आहे, तर २७०ईएक्स २ चा २७ हा आकडा ५० मिमीचा आहे, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करण्यात अर्थ नाही. घरात आपण रुंद कोनात काम करतो, म्हणून माहितीपत्रकातल्या तक्त्यात ३५ मिमीपुढे काय लिहिले आहे ते शोधावे.

किती ताकद पुरे, हे एका उदाहरणाने पाहू. स्लॅबच्या खोलीचे छत तीन मीटर उंच आहे, फ्लॅश जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि अडीच मीटर अंतरावर खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा साधारण १.१ मीटर उंचीवर आहे. उजेड छतापर्यंत जाऊन चेहऱ्यावर उतरेपर्यंत सुमारे सव्वाचार मीटर प्रवास करतो. पांढऱ्या छतावर पसरताना आणि शोषला जाताना त्याचे सुमारे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे) असे धरले, तर गाईड नंबर निम्मा होतो. म्हणजे ३५ मिमीला २० असलेला फ्लॅश १० वर येतो. आयएसओ ८०० ला तो पुन्हा २८ होतो आणि एफ/४ ला सात मीटर पुरतो. गरज सव्वाचारचीच असल्याने फ्लॅशला अर्ध्यापेक्षा कमी ताकदीत काम भागवता येते, तो लवकर भरतो आणि तापत नाही. याच हिशेबाने गाईड नंबर १५ चा फ्लॅशही चालतो, पण त्याला दर वेळी अर्ध्याहून अधिक जोर लावावा लागतो आणि पुढच्या फोटोसाठी थांबावे लागते. म्हणून घरगुती कामाला ३५ मिमीला २० च्या आसपासचा आकडा मला पुरेसा वाटतो. गोडॉक्सचा आयएम३० या १५ च्या गटात येतो. तो खिशात मावतो, पण त्याची सगळी मापे हातानेच ठरवावी लागतात.

टीटीएल की मॅन्युअल

टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक चाचणी-उजेड मारून लेन्समधून परत आलेला प्रकाश मोजतो आणि मग मुख्य उजेडाचे माप ठरवतो. मॅन्युअलमध्ये पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश असे आपण ठरवतो. ज्याला पाटावर बसलेल्या वधूवरांचे, म्हणजे न हलणाऱ्या माणसांचे फोटो काढायचे आहेत, त्याला मॅन्युअल पुरतो आणि तो स्वस्तही असतो. पण फुगडी घालणाऱ्या बायका, पालखीबरोबर पुढेमागे होणारे लोक, अंगणातून ओटीवर आणि ओटीवरून माजघरात पळणारी मुले यांच्याबरोबर अंतर क्षणाक्षणाला बदलते आणि तिथे टीटीएलचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

टीटीएलही चुकतो. सोनेरी मुकुटाची किंवा स्टीलच्या ताटाची चमक परतली की त्याला वाटते उजेड फार झाला आणि मुख्य उजेड कमी करून तो फोटो काळा करतो. पांढऱ्या धोतरांच्या घोळक्यातही तेच होते. यावर उपाय फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे टीटीएलने ठरवलेला उजेड आपण थोडा वाढवणे किंवा घटवणे, हा आहे. घेण्यापूर्वी हे माप फ्लॅशवरच्या किंवा कॅमेऱ्यावरच्या बटणाने पटकन बदलते का, की मेनूत चार पायऱ्या उतराव्या लागतात, हे पाहून घ्यावे.

किनाऱ्यावरचा सूर्य आणि रात्रीची पालखी

समुद्रकिनाऱ्यावर सूर्य पाठीशी घेऊन माणूस उभा केला की चेहरा काळा पडतो आणि छोटा फ्लॅश हा काळेपणा भरून काढतो. पण येथे सिंक स्पीडची मर्यादा येते. फ्लॅशबरोबर शटर त्या कॅमेऱ्याच्या ठरलेल्या वेगापलीकडे जात नाही, आणि हा वेग कॅनन १५००डीचा व निकॉन डी३५०० चा १/२००, तर सोनी ए६००० चा १/१६० सेकंद आहे. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला अ‍ॅपर्चर साधारण एफ/११ येते. गाईड नंबर २० भागिले ११ म्हणजे दोन मीटरसुद्धा होत नाहीत. तेव्हा तारकर्लीच्या वाळूत जोडप्याच्या कमरेपर्यंतच्या फोटोला हा फ्लॅश उपयोगी पडतो, पण अख्ख्या कुटुंबाच्या रांगेला नाही. हाय स्पीड सिंक, म्हणजे ठरलेल्या वेगापलीकडेही फ्लॅश चालवण्याची सोय, असली तर शटर १/४००० पर्यंत नेता येते, मात्र फ्लॅश त्यात आपली ताकद इतकी पसरवतो की अंतर आणखी घटते. छोट्या फ्लॅशमध्ये ही सोय असली तर चांगलेच, पण केवळ तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. सूर्य कलण्याची अर्धा तास वाट पाहणे फुकट आहे.

शिमग्यात रात्री नाचणाऱ्या पालखीला छत नसते, म्हणून बाऊन्सही नसतो. तिथे शटर १/१५ ते १/३० ठेवून फ्लॅश शटर मिटण्याच्या क्षणी पडेल असे, म्हणजे रिअर कर्टन सिंकवर, लावावे. मागच्या दिव्यांचा ओघ फोटोत उतरतो आणि पालखी शेवटी ठसठशीत गोठते. ही सोय कॅमेऱ्याच्या व फ्लॅशच्या जोडीवर अवलंबून असते, तेव्हा जोडी लावूनच तपासावी. कॅमेरा सायलेंट शटरवर असेल तर बहुतेक वेळा फ्लॅश पडतच नाही आणि माणूस विनाकारण फ्लॅशला दोष देतो.

दशावताराबद्दल माझे मत ठाम आहे. खेळ चालू असताना फ्लॅश मारू नये. कलावंताच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि जत्रेला दुरून आलेल्या प्रेक्षकांचाही रसभंग होतो. फ्लॅश तिथे वापरावा तो खेळाच्या आधी, शाळेच्या वर्गात आरसा टेकवून कलावंत स्वतःच्या हाताने रंग लावत असतात तेव्हा, त्यांची परवानगी घेऊन आणि वर्गाच्या भिंतीवरून आणून. आरशात फ्लॅशचा गोळा दिसू नये म्हणून हेड आरशापासून दूर वळवावे लागते, म्हणजे पुन्हा ते वळणारे हेडच कामाला आले.

सेलचा प्रश्न

छोटे फ्लॅश दोन एए सेलवर, त्याहून छोटे दोन एएए सेलवर आणि काही स्वतःच्या लिथियम बॅटरीवर चालतात. चांगला रिचार्जेबल एए सेल साधारण १९०० ते २००० एमएएचचा (एमएएच हे साठ्याचे माप), तर एएए सेल ७५० च्या आसपासचा असतो, म्हणजे एएएवर चालणारा फ्लॅश खिशाला हलका असला तरी लग्नाला अपुरा पडतो. लिथियम बॅटरीचा फ्लॅश झटकन भरतो, उदाहरणार्थ गोडॉक्सचा व्ही३५०. पण पावसाळ्यात दोन दिवस वीज नसलेल्या वाडीत ती बॅटरी संपली तर पर्याय राहत नाही, आणि एए सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो. माझी पसंती एएला आहे.

सेल निकेल-मेटल-हायड्राइड प्रकारचे आणि न वापरता बरेच महिने चार्ज टिकवणारे घ्यावेत. साध्या अल्कलाइन सेलचे व्होल्टेज १.५ आणि यांचे १.२ असले तरी मोठा प्रवाह एकदम देण्यात हे सरस ठरतात, त्यामुळे फ्लॅश लवकर भरतो. दोन जोड्या घ्याव्यात, प्रत्येक जोडीवर रंगीत ठिपका करावा आणि जोडी फोडू नये. चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भरणारा हवा. फ्लॅशच्या खरेदीत सेल आणि चार्जर हा खर्च लोक विसरतात आणि मग रिमोटमधले सेल काढून फ्लॅशला लावतात.

जुना फ्लॅश मिळत असेल तर

रोलच्या काळातले फ्लॅश घराघरांतल्या कपाटांत पडून आहेत. ते ताकदवान असतात, पण त्यांतल्या काहींच्या हॉट शूवर येणारे ट्रिगर व्होल्टेज २०० व्होल्टच्याही वर असते. व्हिविटार २८३ चे जुने नग यासाठी कुप्रसिद्ध आहेत. काही डिजिटल कॅमेरे हे सोसतात, काहींचे सर्किट जळते. सेल घालून फ्लॅश पूर्ण भरू द्यावा आणि मल्टिमीटरची एक टोकणी पायाच्या मधल्या बिंदूला, दुसरी बाजूच्या धातूला लावून आकडा पाहावा. तो ६ व्होल्टच्या आत असला तर बहुतेक कॅमेऱ्यांना धोका नाही, आणि त्याहून अधिक असला तर कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतली मर्यादा पाहिल्याखेरीज लावू नये. फ्लॅश उघडून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते काही काळ राहतात.

दुकानात काय करावे

स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःचे चार्ज केलेले सेल घेऊन रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला जावे. हेड सर्व दिशांना फिरवून ते ठरल्या ठिकाणी टिकते की मान टाकते ते पाहावे. पूर्ण ताकदीवर दहा वेळा उडवावे आणि दर वेळी तयार असल्याचा दिवा लागायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजावे. पहिल्या आणि दहाव्या वेळेत फार अंतर नसावे. त्याहून जास्त वेळा सलग उडवू नये, कारण तापलेला फ्लॅश स्वतःला बंद करतो किंवा त्याची पुढची काच पिवळी पडते. मग पांढऱ्या भिंतीचे एकाच मापावर पाच फोटो काढून पडद्यावर शेजारीशेजारी पाहावेत. त्यांतला एखादा उगाच उजळ किंवा काळा दिसला तर तो नग परत ठेवावा. पाया धातूचा की प्लास्टिकचा यावर वाद होतो. प्लास्टिकचा पाया आपटल्यावर तुटतो हे खरे, पण तो तुटला म्हणून कॅमेऱ्याचा शू वाचतो हेही खरे. जीएसटीचे बिल घ्यावे आणि त्यावर नगाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

घरी आणल्यावर

खाऱ्या वाऱ्यात फ्लॅशच्या पायाचे बिंदू आणि सेलच्या पट्ट्या हिरवट-पांढऱ्या होतात आणि त्यानंतर फ्लॅश मनाला येईल तेव्हा पडतो. किनाऱ्यावरून आल्यावर कोरड्या मऊ कपड्याने पुसावे आणि डाग दिसला तर साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे. सेल आत ठेवून फ्लॅश कधीही ठेवून देऊ नये. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय टाळावा, कारण तांदळाचे पीठ बिजागरीत शिरते.

पडून राहिलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर सुस्तावतो, म्हणून महिन्यातून एकदा सेल घालून तो सात-आठ वेळा उडवावा. मी हे काम अमावस्येला करतो, एवढ्यासाठी की तारीख लक्षात राहते. आणि चतुर्थीच्या आठ दिवस आधी डबा उघडून, सेल भरून, रिकाम्या माटवीखाली कोणाला तरी पाटावर बसवून, उजेड कोणत्या भिंतीवरून आणायचा ते ठरवून ठेवतो. मूर्ती घरी आल्यावर त्या खोलीत उभे राहायला जागा उरत नाही.